घोळक्यातली जागा

बेल्जियमहून परत आल्यापासून इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर सायकलच्या सरावाला येणाऱ्या मुली मला एकच प्रश्न विचारतात. मराठी घरांतल्या ‘ताई’ म्हणतात, बाकीच्या ‘दीदी’. प्रश्न तोच: तिथे टिकायला वॉट किती लागतात? त्यांचं चूक नाही. आमचा सगळा सराव पॉवर मीटरवर, म्हणजे पायांचा जोर वॉटमध्ये मोजणाऱ्या यंत्रावर, नजर ठेवून होतो. भेरूघाट किती वॉटवर चढलीस, जानापावला शेवटची पाच मिनिटं किती धरलेस, यावरच आमच्यात कोण पुढे आणि कोण मागे हे ठरतं. मीही तेच आकडे घेऊन गेले होते. पण एका छोट्या क्लबच्या संघाकडून बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात उन्हाळ्यात शर्यती केल्यानंतर या प्रश्नाचं माझं उत्तर बदललं आहे, आणि ते रस्त्याच्या कडेला उभं राहून सांगून होत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कागदपत्रं, कारण बऱ्याच जणींचं जाणं तिथेच अडतं. परदेशात शर्यत करायची तर सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाचा चालू वर्षाचा परवाना लागतो, शिवाय बाहेरच्या शर्यतीत उतरायला फेडरेशनची परवानगी आहे असं पत्र लागतं. हे पत्र व्हिसाच्या अर्जाआधी हातात असलेलं बरं. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, म्हणजे पूर्ण मोसम करायचा विचार डोक्यातून काढायचा आणि आपल्याला सोयीचे तीन महिने निवडायचे. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. साध्या प्रवासी विम्यात शर्यतीतली दुखापत बहुतेक वेळा धरलेली नसते, तेव्हा पॉलिसी शेवटपर्यंत वाचायची आणि तो भाग पैसे भरून वेगळा घ्यायचा. क्लबचं पत्र हवं: राहायची सोय आम्ही करू, पगार देणार नाही, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. अर्ज द्यायला बाबा आणि मी अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला गेलो. बाबांनी रात्रभर फाइल उशाखाली ठेवली होती. खिडकीपलीकडच्या बाईंनी क्लबचं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “यात पैसे मिळतात का?” पगार नाही, नंबर आला तर बक्षीस, असं मी सांगितलं. बाबा मागून म्हणाले, “आत्तापर्यंत फक्त गेलेच आहेत, मॅडम.” त्यावर त्या हसल्या आणि पुढचा कागद मागितला.

सायकल बांधणं हे मी कुणाच्या हाती दिलं नाही. आमच्या रामबागच्या घरात बैठकीतली सतरंजी काढून तिथे सगळं पसरलं. पेडल काढताना लक्षात ठेवायचं की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जोर लावून नेहमीच्या दिशेला फिरवलं तर ते आणखी घट्ट बसतं. मागचा डीरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो फ्रेमला जोडणाऱ्या छोट्या पट्टीवरून, सोडवून कापडात गुंडाळायचा, कारण विमानात बॅग आडवी टाकली की सगळ्यात आधी हँगर वाकतो. हँगर दोन जास्तीचे घ्यायचे, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि परक्या गावात तो मिळेलच असं नाही. डिस्क रोटर काढून वेगळे, ब्रेक पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा. फ्रेमला लावायला बाबांनी एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम आणला होता. तो उभा चिरून नळीवर बसवला की घट्ट धरून राहतो. हे सगळं करून बॅग 23 किलोंच्या आत बसवायची. आईने सायकलच्या बुटांमध्ये पोह्याची पाकिटं कोंबली आणि वजनकाटा तेवढ्यावरही टिकला.

फ्लँडर्समधलं आमचं संघाचं घर औडेनार्डेच्या जवळ होतं. सायकल शर्यतींवर ज्यांचा जीव आहे त्यांना हे नाव माहीत असतं. 1913 मध्ये सुरू झालेल्या टूर ऑफ फ्लँडर्सचं संग्रहालय याच गावात आहे. बायकांची टूर ऑफ फ्लँडर्स 2004 पासून होते. ती 2022, 2023 आणि 2025 मध्ये जिंकणारी लॉटे कोपेकी इथलीच, फ्लँडर्सची. 2023 आणि 2024 ची रस्त्यावरच्या शर्यतीची जागतिक विजेतीही तीच. किराणा दुकानात काउंटरवरच्या आजींना तिची प्रत्येक शर्यत तोंडपाठ होती. माझा टी-शर्ट पाहून त्यांनी विचारलं, तू स्प्रिंटर की चढणीवाली? दुकानात कुणी मला असं विचारेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

घरात आयर्लंडची एक, न्यूझीलंडच्या दोघी आणि मी. बेल्जियन मुली आपापल्या घरून येत. कॅप्टन त्यांच्यातलीच, आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, आठवड्यातले चार दिवस शाळेत शिकवणारी. पहिल्याच आठवड्यात ती आम्हाला कोप्पेनबर्ग आणि पॅटरबर्ग या दगडी चढणींवर घेऊन गेली. कोप्पेनबर्गचा सगळ्यात तीव्र भाग 22 टक्क्यांचा, दगड गोलसर आणि ओले. दगडांवर हात सैल ठेवायचे, जड गिअरवर बसून रेटायचं, मागचं चाक घसरू नये म्हणून उभं राहायचं नाही. मी दुसऱ्या नंबरवर वर पोचले. मला वाटलं, चला, जमणार आपल्याला. पायांच्या बाबतीत ते खरंही होतं.

त्यानंतर पहिली शर्यत. उन्हाळाभर तिकडे गावोगाव जत्रा असते, आणि आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो तशी तिथे सायकलची शर्यत लागते. नावनोंदणी गावातल्या कॅफेत. एका टेबलावर परवाना दाखवायचा, नंबराची अनामत भरायची, सेफ्टी पिना घ्यायच्या. शर्यत संपली की नंबर परत केला की अनामत परत. यादी हाताने लिहिणारे आजोबा आणि शेजारी बिअर पिणारी माणसं. बाहेर लोक घरासमोर खुर्च्या टाकून बसलेले. आमच्या वयाच्या मुलींना तिथे बहुतेक वेळा एलिट, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या, बायकांबरोबरच उतरावं लागतं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतसुद्धा 23 वर्षांखालील मुलींची स्वतंत्र रोड रेस पहिल्यांदा झाली ती 2025 मध्ये, किगालीला. त्यामुळे स्टार्टला माझ्या डावीकडे कॉलेजातली मुलगी आणि उजवीकडे व्यावसायिक संघाच्या जर्सीतली, अशी स्थिती. इंदूरकडच्या शर्यतींत आम्ही वीस-पंचवीस मुली असायचो. तिथे शंभरावर होत्या.

आठ किलोमीटरची फेरी, बारा फेऱ्या. एका फेरीत नऊ वळणं. हा हिशोब मांडून बघा: एकशे आठ वळणं. घोळक्याच्या पुढच्या दहा जणी वळणावर ब्रेकला बोटही न लावता जातात. त्यांच्या मागच्या थोडा ब्रेक मारतात, त्यांच्या मागच्या आणखी थोडा. शेवटच्या वीस जणी जवळजवळ थांबतात. तोवर पुढच्या वळून पळायला लागलेल्या असतात. म्हणजे मागच्यांनी प्रत्येक वळणानंतर जागच्या जागेवरून स्प्रिंट मारून ती फट भरायची, एकशे आठ वेळा. रस्तेही तसेच: काँक्रीटच्या पाट्यांचे, मधोमध सांध्याची खाच, तिच्यात चाक गेलं की माणूस पडलाच. ट्रॅक्टरने आणलेला चिखल, गावात शिरताना फुलांच्या कुंड्या, दुभाजक. मी मागच्या वीसांत होते. सहाव्या फेरीत माझ्या पुढच्या मुलीने चाक सोडलं, म्हणजे ती तिच्या पुढचीपासून मागे पडली, मी तिला वळसा घालून निघेपर्यंत दहा मीटरची फट पडली आणि समोरून वारा. ती फट काही भरली नाही. नंतर मोटरसायकलवरच्या पंचांनी शिट्टी मारून बाजूला काढलं.

रात्री जेवणाच्या टेबलावर कॅप्टनने माझी राइडची फाइल, म्हणजे पॉवर मीटरने केलेली शर्यतीची नोंद, उघडली. माझी वॉटची सरासरी इंदूरला मी एकटी तासभर धरते तेवढीही नव्हती. पण आलेख सगळा सुळक्यांचा होता, प्रत्येक वळणानंतर एक सुळका. मग तिने स्वतःची फाइल शेजारी लावली. सहावी आली होती ती. तिची सरासरी माझ्याहूनही कमी, सुळके निम्म्याहून कमी. म्हणाली, “तुझ्या पायांत काही कमी नाही. तू चुकीच्या पत्त्यावर राहत होतीस.”

2018 मध्ये हवेच्या प्रवाहाचे अभ्यासक बर्ट ब्लोकन यांच्या गटाने 121 सायकलपटूंच्या घोळक्यातला हवेचा विरोध मोजला होता. मध्ये आणि मागच्या भागात नीट दडून बसलेल्याला एकट्याने चालवताना लागतो त्याच्या 5 ते 10 टक्केच विरोध सोसावा लागतो, असं त्यात निघालं. हे वाचून कुणालाही वाटेल, मग मागेच बसावं. सरळ, रुंद रस्ता असेल तर बसावंच. पण फ्लँडर्सच्या गावातल्या रस्त्यावर मागे बसून हवेत जे वाचतं ते वळणावर दुप्पट फेडावं लागतं. हवेपासून आडोसा आणि वळणाआधी पुढची जागा, दोन्ही मिळतील अशी पट्टी घोळक्यात फार अरुंद असते, साधारण दहाव्या ते तिसाव्या क्रमांकाच्या मधली. शंभर जणींना तिथेच राहायचं असतं. आपण नुसते बसून राहिलो तर दर मिनिटाला कडेने चार जणी पुढे जातात आणि आपण न हलताच मागे पडतो.

ही जागा राखायची कशी हे एकटीने शिकता येत नाही. मला ते शिकवलं गवतावर. गावाबाहेर फुटबॉलचं मैदान होतं. कॅप्टन आणि मी शेजारी शेजारी, पायी चालण्याच्या वेगाने. तिने खांदा माझ्या खांद्याला टेकवला आणि रेलली. मी सरकले. “सरकू नकोस, परत रेल.” हाताचे कोपर थोडे बाहेर, बोटं ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), धक्का कोपराने किंवा खांद्याने घ्यायचा, हँडल त्यात येता कामा नये. मग हँडलला हँडल घासत. मग तिचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला मुद्दाम लावून: चाकाला चाक लागलं की अंग आपोआप विरुद्ध दिशेला झटकतं, आणि नेमकं तसं केल्यानेच मागची पडते, उलट हलकेच त्याच चाकावर रेलून सरळ राहायचं असतं. गवतावर पडलं तर लागत नाही. आम्ही पुष्कळ पडलो. आयर्लंडच्या मुलीने बाटली जमिनीवर ठेवली आणि चालत्या सायकलवरून वाकून उचलायला लावली, डावीकडून, मग उजवीकडून. मला लहानपणापासून शिकवलेलं होतं की रस्त्यावर कुणाच्या अंगाला अंग लागू द्यायचं नाही. रिंगरोडवर ट्रकच्या शेजारून जाताना ते अगदी बरोबर आहे. घोळक्यात मात्र शेजारणीचा खांदा लागला तर आता मला बरं वाटतं. ती कुठे आहे हे न बघता कळतं.

मग वारा. माळव्यात वैशाखात पश्चिमेचा वारा सुटला की आम्ही सरावाची वेळ बदलतो. तिथे वारा हेच शर्यतीचं मैदान. वारा डावीकडून असेल तर सगळ्यात पुढची रस्त्याच्या डाव्या कडेला जाते, दुसरी तिच्या किंचित मागे उजव्या हाताला, तिसरी तिच्याही उजवीकडे, अशी तिरकी रांग. रस्ता जेवढा रुंद तेवढ्याच जणी त्या रांगेत मावतात, समजा बारा. तेराव्या मुलीला आडोसाच उरत नाही. ती आणि तिच्या मागच्या सगळ्या उजव्या कडेला, गटाराच्या बाजूने एका मागे एक, पूर्ण वाऱ्यात. शहाणपणाचं एकच: तिथे झुंजत न बसता मागच्यांना हाक मारून लगेच दुसरी तिरकी रांग बांधायची. आणि त्याहून आधीचं शहाणपण म्हणजे, रस्ता वळून वारा आडवा होणार आहे ही जागा फेरी बघतानाच हेरून ठेवायची.

संघाचं महत्त्व मला इथे समजलं. लहान शर्यतींत कानात रेडिओ नसतो. जे काही ठरवायचं ते आधी, कॅफेच्या मागे उभ्या केलेल्या व्हॅनमध्ये. आमच्या मॅनेजरबाई पुठ्ठ्यावर फेरी काढायच्या, चर्च, पाण्याची टाकी, वारा कुठून. प्रत्येकीला एक काम. मला मिळायचं ते बहुतेक वेळा एकच: अमक्या फेरीला चर्चच्या वळणाआधी कॅप्टनला पुढच्या पाचांत पोचवायचं. त्यानंतर तू सुटलीस तरी चालेल.

एक शर्यत सांगते. आदल्या रात्री पाऊस झालेला, वारा जोरात. नवव्या फेरीत चर्चच्या वळणानंतर रस्ता शेतांत निघत होता आणि वारा आडवा लागणार होता, हे सगळ्या संघांना माहीत होतं. पाण्याच्या टाकीपाशी कॅप्टन माझ्या मागे आली आणि माझ्या कमरेला हात लावला. ती आमची खूण. मी डाव्या कडेने निघाले, वाऱ्यात, कुणाच्याही आडोशाशिवाय, आणि वेग सोडला नाही. उजवीकडून एका निळ्या जर्सीवालीने खांदा घातला. मी परत रेलले. वळणाला मी चौथी होते, कॅप्टन पाचवी. वळण घेतलं, वारा लागला, पुढे तिरकी रांग पडायला सुरुवात झाली आणि कॅप्टन तिच्यात जाऊन बसली. माझे पाय तिथेच संपले होते. मी कडेला झाले, मागून आलेल्या तिसऱ्या का चौथ्या गटात बसून शर्यत पूर्ण केली. कॅप्टन तिसरी आली.

कॅफेत बक्षिसं रोख, पाकिटातून देतात. तिकडे पहिल्या तिघींवर ते थांबत नाही, बरंच खालपर्यंत मिळतं. कॅप्टनने पाकीट टेबलावर उघडलं आणि सहा जणींचे सहा भाग केले, मला आणि स्वतःला सारखेच. मॅनेजरबाईंनी वहीत माझ्या नावापुढे त्या वळणाचा क्रमांक लिहिला: चार. निकालाच्या कागदावर मी पन्नासच्याही खाली होते. घरी फोन केला तेव्हा आजीने विचारलं, “कितवी आलीस गं?” मी सगळं समजावून सांगितलं. आजी थोडा वेळ थांबून म्हणाली, “म्हणजे तू तिला पोचवलंस.” एवढ्या नेमकेपणाने माझं काम तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण आपल्याकडे ती कुणी काढत नाही. संघात गेल्यावर भरायच्या पहिल्याच कागदावर पाळीच्या तारखांचा रकाना होता. मॅनेजरबाई जड सराव आणि विश्रांती आखताना ती वही शेजारी ठेवायच्या, आणि कुणाची पाळी दोन-तीन महिने चुकली तर आधी ती पुरेसं खाते आहे का हे बघायच्या. इथे मी बरीच वर्षं सराव केला, मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि पाळी चुकली की सुटलो असंच आम्ही मुली आपसांत म्हणायचो. ते सुटणं नसतं. कमी खाऊन जास्त सराव केला की असं होतं आणि त्याने हाडं ठिसूळ होतात. मुलींना शिकवणाऱ्या सगळ्या सरांना माझं हात जोडून सांगणं आहे, हा रकाना तुमच्या वहीत घाला. विचारायला संकोच वाटत असेल तर मुलीच्या आईला विचारा. खाण्याचंही तसंच. तिथे शर्यतीत दर तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत असा दंडक होता आणि त्याचाही सराव करावा लागे, कारण एवढं खाऊन जोरात चालवायची पोटाला सवय नसते. मऊ भातात गूळ आणि मीठ घालून त्याच्या वड्या पाडायचं काम माझ्याकडे आलं. शेवटी शेवटी शेजारच्या संघाच्या मुलीही मागायला यायच्या.

आता इथलं. इंदूरमध्ये ताकद कमी नाही. भेरूघाटावर रोज चढणाऱ्या मुली आहेत, उन्हाळ्यात पहाटे साडेचारला घर सोडणाऱ्या आहेत, स्कूटरवर मागे मागे येणारे त्यांचे बाबा आहेत. कमी आहे तो घोळका. आपल्या शर्यती बऱ्याचदा हायवेच्या सरळ रस्त्यावर होतात, वळण म्हणजे शेवटचा यू-टर्न. त्यात जिची ताकद जास्त ती जिंकते आणि बाकी काही शिकायला मिळत नाही. शर्यती भरवणाऱ्यांनी वर्षातून दोन-तीनदा जरी एखाद्या वसाहतीतला दीड-दोन किलोमीटरचा, भरपूर वळणांचा रस्ता सकाळी दोन तास बंद करून मुली आणि ज्युनिअर मुलं यांची एकत्र शर्यत लावली, तर घोळकाही मोठा होईल आणि एका सकाळीत शंभर वळणंही होतील. त्याला घाट लागत नाही, मोठा खर्चही नाही.

ज्यांना बाहेर जायचंच आहे त्यांनी क्लबांना नोव्हेंबरच्या आसपास लिहायला सुरुवात करावी. हिवाळ्यात संघ ठरतात आणि उन्हाळ्यात लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही. निकाल आणि फाइल पाठवाच, पण किती जणींच्या घोळक्यात शर्यत केली आहे आणि संघात कोणतं काम केलं आहे हेही स्पष्ट लिहा. शाकाहारी असाल तर तेही आधीच कळवा, त्याची अडचण होत नाही.

तोवर आम्ही काही जणी रविवारी सकाळी सहाला दसरा मैदानावर जमतो. आधी अर्धा तास मातीवर खांद्याला खांदा, मग बाटल्या उचलणं, मग सुपर कॉरिडॉरवर जाऊन आळीपाळीने पुढे येण्याची रांग. गेल्या रविवारी पहिल्यांदा मुली आणि मुलगे मिळून दोन तिरक्या रांगा बांधता आल्या, वारा फारसा नव्हता तरी. बारा-तेरा वर्षांच्या मुलींनाही घेतो. येताना हेल्मेट हवं, बोटं झाकणारे ग्लोव्ह्ज हवेत, आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बूच बसवलेलं हवं. उघडी नळी पडताना पोटात घुसू शकते, म्हणून बूच नसेल तर मी मैदानात उतरू देत नाही. माझ्या पिशवीत चार-सहा जास्तीची असतात.